हत्यारांचा खर्च कोणत्या खात्यात?



आमच्या वस्तीत 'नाद' हा शब्द चांगल्या अर्थाने कोणी वापरीत नाही. कुणाच्या नवऱ्याला बाटलीचा नाद, कुणाच्या भावाला मटक्याचा. त्यामुळे बचत गटाच्या बैठकीत मी सहज म्हणून गेले की, माझ्या मिस्टरांनाही एक नाद आहे, तेव्हा सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. एकीने हळूच विचारले, "कशाचा गं ताई?" मी म्हटले, "हत्यारांचा." हत्यारे म्हणजे करवत, रंधा, पटाशी असे सांगितल्यावर मग जी हसाहशी झाली! एक बाई म्हणाल्या, "असला नाद असला तर नशीब समजायचं."

नशीब वगैरे मी मानत नाही. आणि चांगल्या नादालाही पैसे लागतातच, तेही त्याच पगारातून काढावे लागतात. दारूवरून घरात भांडण झाले तर शेजारीपाजारी बाईच्या बाजूने उभे राहतात. नवरा सज्जन, निर्व्यसनी, घरात बसून लाकूड तासणारा असला की बाईला तोंड उघडण्याची सोयच राहात नाही. "एवढा चांगला माणूस आणि चार हजारांसाठी काय बोलतेस?" असे तिलाच ऐकावे लागते. म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले.

माझे मिस्टर भोसरीला एका कारखान्यात फिटर आहेत. दिवसभर लोखंडाशी झटून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा हत्यार का उचलतो, असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "कंपनीत ड्रॉइंग दुसऱ्याचं, माप दुसऱ्याचं, मालही दुसऱ्याचा. लाकडाचं काय करायचं ते मात्र मी ठरवतो." २०२० साली टाळेबंदीत कंपनी बंद होती. ती जरा सैल झाल्यावर त्यांनी भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या पेट्यांचे लाकूड आणले, गल्लीतल्या सुतारकाम करणाऱ्या मामांची करवत मागून घेतली आणि मुलीसाठी अभ्यासाचे टेबल बनविले. तेव्हापासून हे सुरू झाले.

त्या लाकडाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण अशा पेट्या आपल्याकडे पुष्कळजण घरी आणतात. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या पेट्यांवर एक शिक्का असतो. त्यात इंग्रजी 'एचटी' ही अक्षरे असली तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंशांना निदान ३० मिनिटे तापवून त्यातली कीड मारलेली असते. 'एमबी' असले तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. एमबीचे लाकूड उंबऱ्याच्या आत येणार नाही, ही या व्यवहारातली माझी पहिली अट. ती त्यांनी ताबडतोब मान्य केली. पुढच्या अटी इतक्या सहज मान्य झाल्या नाहीत.

आमच्या सासूबाई टेबल पाहून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझ्या आज्याला सुताराच्या अंगणात टेकायची सोय नव्हती." गावकीत रंधा सुताराचा, भाता लोहाराचा, आणि मिस्टरांच्या आजोबांच्या वाट्याला घुंगराची काठी आणि सांगावे पोचविणे. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, माणसे कारखान्यात आली, पाना आणि कानस हाती आली. पण तीसुद्धा मालकाची. स्वतःच्या पैशाने घेतलेले, स्वतःच्या मर्जीने चालविलेले हत्यार या घरात पहिल्यांदाच आले. म्हणून पैशाच्या प्रश्नावर कितीही वाद झाला, तरी "कशाला पाहिजेत ही हत्यारं?" असा सवाल मी एकदाही केला नाही.

हातहत्यारांवरून तसा वाद झालाही नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ते रविवारी जायचे आणि शे-दोनशेच्या आत काहीतरी घेऊन यायचे. लोखंडी रंधा त्यांनी तिथूनच आणला. जुने हत्यार कसे पाहावे हे त्यांच्याकडून मीही शिकले. रंध्याच्या ओतीव अंगाला कुठे बारीक तडा आहे का, पाते झिजून आखूड झालेले नाही ना, तळ सपाट आहे ना, एवढे पाहायचे. वरचा गंज पाहून मागे फिरायचे नाही; गंज रॉकेलने आणि पॉलिश पेपरने जातो. पटाशीचे पोलाद चांगले असले तर दगडावर धार धरते, मूठ मोडकी असली तरी चालते, मूठ घरी बनते. विजेवर चालणारे जुने यंत्र मात्र चालवून पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही. ड्रिलचा चक हाताने हलवून पाहायचा, वायर मध्येच चिकटपट्टीने जोडलेली असली तर ठेवून द्यायचे.

खरी बोलणी सुरू झाली ती नव्या ड्रिल मशीनवरून. किंमत ३,८५० रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी आलाच. आमच्या घरात घरभाडे, दूध, किराणा, गॅस, मुलीचा क्लास, गावाकडे सासऱ्यांना औषधांचे पैसे, माझा आणि त्यांचा प्रवास, हे सारे जाऊन महिन्याला चारेक हजार उरतात, तेही काही आजारपण निघाले नाही तर. म्हणजे त्या एका यंत्रात एका महिन्याची सगळी शिल्लक जात होती.

मिस्टरांनी मुद्दा मांडला तो सगळेच पुरुष मांडतात तोच. "घरासाठीच आहे. फळी ठोकायला, पडदा लावायला माणूस बोलावला की पाचशे-सहाशे घेतो."

मी बी. कॉम. झालेली बाई. ऑफिसातही रोज आकडेच पाहते. आमच्याकडे वही असतेच. मी वही उघडली आणि दाखविले की, मागच्या तीन वर्षांत आपण असा माणूस दोनदा बोलावला. एकूण गेले ११००. या हिशेबाने मशीनचे पैसे वसूल व्हायला दहा वर्षे लागतील, आणि तोपर्यंत घसारा धरला तर मशीनची किंमत शून्य.

"म्हणजे नको म्हणतेस."

"नको म्हणत नाही. घरासाठी म्हणू नका, एवढंच म्हणते."

ते रागावले. जेवताना बोलले नाहीत. झोपायच्या वेळेस गॅलरीत उभे होते, मी पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "आवडतं म्हणून पाहिजे. बस. दुसरं काही कारण नाही."

मी म्हटले, "मग आता बोलू."

यात शब्दांचा खेळ नाही. आपल्या घरांतून आनंदासाठी पैसे मागायची लाज वाटते. आई-बापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकविले. त्यामुळे 'मला आवडते' हे कारण आपल्याला कारणच वाटत नाही. मग माणूस आवडीला गरजेचा सदरा चढवितो. आणि एकदा ती गरज ठरली की तिच्यापुढे बाईची आवड हरते, कारण बाई आपली आवड आवड म्हणूनच सांगत असते. किंवा सांगतच नाही. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हा खर्च चुकीच्या खात्यात टाकला जातो, आणि चुकीच्या खात्यात टाकलेला खर्च वर्षाअखेरी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर निघतो.

आमच्या घरी शिलाई मशीन आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "वहिनींना शिवणाचा छंद आहे वाटतं." मला शिवणाचा काडीचा छंद नाही. साडीला फॉल लावणे, गणवेशाची शिवण उसवली तर घालणे, उशांचे अभ्रे, हे सगळे काम आहे, आणि ते करायला रविवारची दुपार जाते. माझी आवड वेगळी आहे. कॉलेजात असताना मोर्च्यांचे फलक मी ब्रशने रंगवायची. चपट्या ब्रशने 'क'ची गाठ कशी वळवायची, 'श्र' कसा बसवायचा, यात माझी रात्र जाई. पुढे फ्लेक्स आले, कार्यक्रमाचा फलक संगणकावर तासाभरात निघू लागला, आणि माझे ब्रश माळ्यावर कडक होऊन गेले. अक्षरे काढणे मला अजून आवडते. तिरप्या कापाचे निब, एक इंची आणि दोन इंची चपटे ब्रश, पोस्टर कलर, जरा जाड कागद, असा साधारण नऊशे रुपयांचा खर्च.

हे मी त्याच रात्री सांगितले. मिस्टर लगेच म्हणाले, "घे की! विचारतेस काय?"

बहिणींनो, हे 'घे की' तुम्ही सर्वांनी ऐकलेले असेल. ऐकायला किती गोड! त्यात खोटेपणाही नसतो. पण ते इतके चटकन निघते, कारण ते नऊशे कोणत्या डब्यातून काढायचे हे म्हणणाऱ्याला माहीत नसते. माहीत असते ते विचारणारीला, म्हणून तर ती विचारते. नवऱ्याने मागितले की बाई हिशेब मांडते आणि तिला कंजूष म्हणतात. बाईने मागितले की नवरा हिशेब न मांडता हो म्हणतो, त्याला दिलदार म्हणतात. ब्रश मात्र पुन्हा आणले जात नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी सिलिंडर संपतो.

तेव्हा मी वही त्यांच्यापुढे सरकविली आणि म्हटले, "माझे नऊशे कुठून काढू ते तुम्ही दाखवा. तुमचे ३,८५० कुठून काढायचे ते मी दाखवते." त्यांनी तासभर डोके घातले. एक-दोन खर्च त्यांना नव्यानेच कळले. दुधाचे बिल किती येते हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी आमचे ठरले ते असे: दर महिन्याला दोघांच्या नावाने पाचशे-पाचशे रुपये वेगळ्या दोन डब्यांत पडतील. त्या डब्यातल्या पैशाचे काय केले, हे विचारायचे नाही. न टोमणा, न हिशेब. मात्र डब्यात नसतील तर घेणेही नाही. गॅसच्या, फीच्या किंवा औषधाच्या पैशाला हात नाही, आणि एकाने दुसऱ्याच्या डब्यातून उसने मागायचे नाही. ड्रिलसाठी त्यांना आठ महिने थांबावे लागले.

या आठ महिन्यांत दोन मोह आले. त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे.

पहिला हप्त्याचा. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, बिनव्याजी हप्ते आहेत, आजच घेऊन जा." मिस्टर फोन करून मला विचारत होते. व्याज नसलेला हप्ता ही वस्तू जगात नसते. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते कुठल्या ना कुठल्या नावाने ग्राहकाकडून घेतलेच जाते. कुठे रोखीची सवलत काढून घेतात, कुठे प्रक्रिया शुल्क लावतात. मी म्हटले, "रोख दिले तर किती कमी करता, एवढंच विचारा." मुलगा म्हणाला, अडीचशे. म्हणजे व्याज अडीचशे! मिस्टर हसत घरी आले.

दुसरा मोह मोठा होता. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली. हाताने आणि अवजाराने काम करणाऱ्या १८ व्यवसायांतल्या कारागिरांसाठी ती आहे. सुतार, शिंपी, चांभार, गवंडी, न्हावी हे त्यात आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत कर्ज. वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरायला मीच बसत होते. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "ताई, साहेबांचं नाव सुतार म्हणून टाका की. पंधरा हजारांची हत्यारं घरी येतील."

नियमात स्पष्ट आहे की, सरकारी नोकरीतल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबीयांना ही योजना नाही. मी सरकारी कार्यालयात लिपिक, म्हणून मिस्टर त्यात बसत नाहीत. पण नियम नसता तरी मी तो अर्ज भरला नसता. ज्या मामांची करवत मागून आमचे पहिले टेबल झाले, त्यांचे पोट त्या करवतीवर आहे. त्यांचा अर्ज मी भरला. आमच्या घरचा तो शौक आहे, आणि शौकाला सरकारी मदत मागायची तर उद्या मी कोणत्या तोंडाने दुसऱ्याच्या खोट्या दाखल्यावर बोट ठेवू? मिस्टर म्हणाले, "सगळेच घेतात." पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तो विषय तिथेच संपला.

बचत गटातूनही कर्ज काढायचे नाही असे ठरविले. गटाचे कर्ज आजारपणाला, फीला, धंद्याला. एका भगिनीला शिलाई मशीनसाठी दिले आहे आणि ती दर महिन्याला फेडते आहे. मी गटात काम करते म्हणून माझ्या घरच्या ड्रिलला तिथून पैसे गेले असते, तर कुणी तोंडावर बोलले नसते, पण मागे बोललेच असते. आणि त्यांचे बरोबर असते.

ड्रिल आले. त्याबरोबर डोळ्यांचा चष्मा आणि तोंडाचा मास्क आल्याशिवाय प्लग लावायचा नाही, ही माझी अट होती. ते दोनशे रुपये मी माझ्या डब्यातून दिले नाहीत, त्यांच्याच डब्यातून घ्यायला लावले. आवाजाचीही वेळ ठरली. खालच्या मजल्यावर बाळंतीण होती, तेव्हा दुपारी एक ते चार बंद. रात्री आठनंतर फक्त रंधा आणि पॉलिश पेपर.

डबे सुरू झाल्यावर एक मजेदार गोष्ट घडली. पूर्वी प्रत्येक हत्यार त्यांना 'आज घेतले नाही तर मिळणारच नाही' असे वाटायचे. स्वतःचे पाचशे मोजायला लागल्यावर ते स्वतःच म्हणू लागले, "हे नाही लागत मला." एक ग्राइंडर मित्राकडून घेतला होता, तो पडून होता, तो त्यांनी आपणहून विकला. मी काही बोलले नव्हते. बोलायचे नाही असेच तर ठरले होते! खरे सांगायचे तर न बोलणे मला जड गेले. दोनशे चाळीस रुपयांची एक छोटी कानस, घरात तशा तीन असताना, चौथी आली, तेव्हा मी जीभ चावून स्वयंपाकघरात गेले.

पलीकडच्या इमारतीत एक जोडपे आहे. तिथे नवरा हत्यारे आणतो, किंमत निम्मी सांगतो आणि पावती स्कूटरच्या डिकीत ठेवतो. बायकोही काही कमी नाही. साडी माहेरून आली म्हणते. दोघेही कमावते, दोघेही भले. पण त्या घरात पाहुणा आला की दोघे एकमेकांच्या वस्तूंकडे पाहतात, ते मला बघवत नाही. जास्त खर्च एकवेळ भरून काढता येतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये मुलीचा डिप्लोमाला नंबर लागला. फी, पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य असा एकदम बोजा आला, आणि त्याच महिन्यात कंपनीने ओव्हरटाइम बंद केला. मिस्टरांनी आपला डबा माझ्यासमोर आणून पालथा केला. जिगसॉ मशीनसाठी साठवलेले २,९०० होते. म्हणाले, "घे. माझं राहू दे आता."

मी ते घेतले. माझ्या डब्यातले १,४०० त्यात घातले. पण 'माझे राहू दे' हे मी मान्य केले नाही. त्यांना म्हटले, डबे रिकामे झाले, बंद झाले नाहीत. पाचशे जमत नाहीत, तर दीडशे टाकू; पण दोघांचे दीडशे, आणि दर महिन्याला. अडचण आली की आपण आधी आवडीवर काट मारतो. नवऱ्याची आवड गेली तर घरात सगळ्यांना दिसते, कारण आवाज थांबतो. बाईची गेली तर कुणाला कळतही नाही. माझे ब्रश माळ्यावर वीस वर्षे पडून होते, घरात एकाने तरी विचारले का? म्हणून दीडशे का होईना, वहीत ओळ राहिली पाहिजे असा माझा हट्ट होता. सासूबाईंनी त्या दिवशी माझी बाजू घेतली, हे इथे मुद्दाम नमूद करते.

ओव्हरटाइम दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाला. डबे तीनशेवर आले आहेत. जिगसॉ अजून आलेला नाही. मी मात्र दोन इंची ब्रश घेतला आणि यंदा १४ एप्रिलला विहाराच्या दाराशी फ्लेक्सऐवजी माझ्या हाताने रंगविलेला फलक लागला. त्याची चौकट मिस्टरांनी केली. कोपऱ्यांचे सांधे त्यांनी खिळ्याशिवाय, खाचा पाडून बसविले आहेत. लोक माझी अक्षरे सोडून सांधेच पाहात होते, याचा मला थोडा रागही आला.

सध्या आमचा वाद जागेवरून आहे. त्यांना गॅलरीत कामाचे बाक हवे आहे, भक्कम पायांचे, एका टोकाला व्हाइस बसविलेले. मलाही कागद पसरायला तीच जागा हवी, कारण उजेड तिथेच येतो. गॅलरी सात फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. परवा दोघांनी टेप धरून मोजली. ते पाच फुटांचे बाक म्हणतात. मी चारच्या वर जायला तयार नाही. मुलीने कागदावर एक ड्रॉइंग काढून दिले आहे, त्यात बाकाची फळी बिजागरीवर उचलून भिंतीला लावता येते. बिजागरी किती जाडीची लागेल ते मिस्टर रविवारी जुन्या बाजारात पाहून येणार आहेत.